काठावरून न दिसणारी किक : जलतरणाच्या तांत्रिक समितीला खुलं पत्र

प्रति,
वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या जलतरण तांत्रिक समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

माझी तुमची ओळख असण्याचं कारण नाही. पांढरे कपडे घालून, खिशात पेन आणि ओल्या हाताने हमखास फाटणाऱ्या कागदी स्लिपा घेऊन तलावाच्या काठावर दिवसभर उभी राहणारी जी माणसं असतात, त्यांतला मी एक. कधी स्ट्रोक जज, कधी टर्नच्या, म्हणजे भिंतीला टेकून वळायच्या, टोकाला. जगभरच्या जलतरणाचे नियम तुम्ही लिहिता आणि आम्ही ते ओणवे होऊन पाण्यात शोधतो. हे पत्र त्या शोधण्याबद्दल आहे.

मध्यंतरीच्या एका स्पर्धेतली गोष्ट सांगतो. बारा वर्षांखालच्या मुलींची 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखे पाय मारत पोहायची शर्यत. मी टर्नला, लेन चार आणि पाच माझ्याकडे. चारमधली मुलगी आली, दोन्ही हात एकदम टेकवले, गुडघे पोटाशी घेतले आणि भिंत ढकलून मीटरभर खाली गेली. हात पुढे ताणलेले. पाय जुळवून माशाच्या शेपटीसारखी एक डॉल्फिन किक मारली, ती मला लख्ख दिसली. नियमाने इथे एवढी एकच चालते. मग हात मांड्यांपर्यंत ओढले, आणि ओढताना कंबर वर आली, कंबरेमागून पाय हलले. ती दुसरी किक होती की अंगातून गेलेली नुसती लाट? एवढ्यात पाचमधलीने भिंत ढकलली आणि सगळीकडे पांढरा फेस झाला. चूक दिसली की जज हात वर करतो; माझा हात छातीपर्यंत वर आला होता. तो मी खाली घेतला. शंका असेल तर ती खेळाडूच्या बाजूने, असंच आम्हाला शिकवलंय.

शर्यत संपल्यावर शेजारच्या लेनचे कोच तरातरा आले. "सर, दोन होत्या. धडधडीत दोन." मी म्हटलं, मला एक दिसली. ते गेले, पण ज्या नजरेने गेले ती अजून आठवते. थोड्या वेळाने टॉवेल गुंडाळलेली ती मुलगीच समोर येऊन उभी राहिली. "काका, माझ्या दोन झाल्या होत्या का?"

"मला एक दिसली."

"मलापण नाही कळलं," ती म्हणाली.

आता तुम्हीच सांगा. जिने मारली तिला कळलं नाही, ज्याने बघितली त्याला कळलं नाही, आणि ज्याला कळलं त्याची स्वतःची मुलगी पलीकडच्या लेनमध्ये पोहत होती. अशा गोष्टीवर तुमचा नियम उभा आहे.

नियम बदलू नका, असं म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही. पोहण्याचे स्ट्रोक म्हणजे काही आकाशातून पडलेल्या मूर्ती नव्हेत. ते पोहणाऱ्यांनी नियमांतल्या फटी शोधत शोधत घडवले आणि तुम्ही वरातीमागून घोडं नेत त्या बुजवल्या, कधी कधी त्यांचेच दरवाजे केले. बटरफ्लाय तर अशा फटीतूनच जन्माला आला. ब्रेस्टस्ट्रोकचे हात पाण्यावरून पुढे आणायला नियमात बंदी नव्हती, म्हणून तीसच्या दशकात काहींनी ते तसे आणले. पाय मात्र ब्रेस्टस्ट्रोकचेच ठेवावे लागत. लंडनमध्ये 1948 साली जो व्हेर्ड्युअरने 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं ते याच हातांनी. 1952 च्या हेलसिंकीपर्यंत तर आघाडीच्या पुरुष पोहणाऱ्यांत जुन्या पद्धतीचे हात शोधावे लागत होते. मग तुमच्या पूर्वसूरींनी, म्हणजे तेव्हाच्या फिनाने (वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सचं जुनं नाव), दोन्ही स्ट्रोक वेगळे केले आणि 1956 ला मेलबर्नमध्ये बटरफ्लायची स्वतंत्र शर्यत झाली. माझ्या मते या खेळातला तो सगळ्यात शहाणा निर्णय. भांडण मिटवायला कुणालाही शिक्षा केली नाही, भांडणाऱ्याला वेगळं घर बांधून दिलं.

त्याच मेलबर्नमध्ये पुढचं भांडण सुरू झालं. जपानच्या मासारू फुरुकावाने 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोक जिंकली ती बहुतेक अंतर पाण्याखालून कापत. पृष्ठभागावर पोहताना अंगापुढे लाट उठते आणि बरीच ताकद ती लाट उठवण्यातच जाते. पुरेसं खाली गेलं की ती लाट उठत नाही. हे फुरुकावाला ठाऊक होतं, फक्त त्यासाठी फुप्फुसं तशी हवीत. त्यानंतर नियम आला: सुरुवातीला आणि टर्ननंतर पाण्याखाली हाताचा एक स्ट्रोक, बाकी सगळं वर. काठावरच्या माणसाला हे दिसतं. डोकं वर आहे की नाही, एवढंच बघायचं.

1988 च्या सोलची 100 मीटर बॅकस्ट्रोक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. अमेरिकेच्या डेव्हिड बर्कॉफने हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, 54.51 सेकंदांचा विश्वविक्रम केला. तीसेक मीटर पाण्याखाली, पाठीवर, नुसत्या डॉल्फिन किकवर. फायनलमध्ये जपानच्या दाइची सुझुकीनेही तेच शस्त्र काढलं आणि 55.05 मध्ये जिंकला, बर्कॉफ 55.18. प्रेक्षकांना बराच वेळ रिकामा तलाव दिसत होता म्हणतात, आणि पाठीवरच्या शर्यतीतली पाठ कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना. तुम्ही आधी 10 मीटरची मर्यादा घातली, 1991 मध्ये ती 15 केली आणि 1998 मध्ये बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइललाही लावली.

ही 15 मीटरची खूण मला फार आवडते. लेनच्या दोरीवर वेगळ्या रंगाचा मणी असतो. त्या मण्यापर्यंत डोकं पाण्याबाहेर आलं तर ठीक, नाही आलं तर हात वर. नवशिक्या जजला मी हा नियम पाच मिनिटांत शिकवतो आणि दहाव्या मिनिटाला तो बरोबर निर्णय देतो. त्या खुणेच्या आत कोण किती किक मारतो, तिरपं होऊन मारतो की सरळ, याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. पाण्याखाली स्वातंत्र्य आणि पाण्यावर हिशेब, अशी ती वाटणी आहे.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मात्र हीच वाटणी तुम्ही उलटी केलीत.

2004 चं अथेन्स. 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये जपानचा कोसुके किताजिमा 1:00.08, अमेरिकेचा ब्रेंडन हॅन्सन 1:00.25. अंतर सतरा शतांश. किताजिमाने पाण्याखाली डॉल्फिन किक मारली, आणि तेव्हा ती चालत नव्हती, असा जाहीर आरोप हॅन्सनचा अमेरिकन संघसहकारी एरन पीर्सॉलने केला. काठावरून कुणी ती धरली नव्हती. पुढच्या वर्षी तुम्ही काय केलंत? किक बंद आहे हे ठणकावून सांगितलं नाहीत, मोकळीही सोडली नाहीत. एक किक चालेल, म्हणालात.

एक! पाण्याखाली, मीटरभर खोल, फेसातून, जजपासून लांब जाणाऱ्या पायांची मोजणी. ज्या गोष्टीत शून्य की एक हे दिसत नव्हतं, तिथे एक की दोन हे दिसेल असं नेमकं कुणाला वाटलं, ते जाणून घ्यायला मला खरंच आवडेल.

व्हायचं तेच झालं. 2012 च्या लंडनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कॅमेरॉन व्हॅन डर बर्गने 58.46 चा विश्वविक्रम करून 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोक जिंकली आणि नंतर स्वतःच कबूल केलं, की एकाहून जास्त किक मारल्या. बाकीचेही मारतात, आपण नाही मारल्या तर मागे पडू, असा त्याचा सूर होता. बरेच जण त्याच्यावर तुटून पडले. मला मात्र तो त्या सगळ्या प्रकरणातला त्यातल्या त्यात सरळ माणूस वाटला. पाण्याखालच्या चित्रणात सगळं दिसत होतं, घरी बसून जग बघत होतं, फक्त निर्णय देणाऱ्यांना ते चित्रण बघायची मुभा नव्हती.

मग 2014 च्या सुमारास किकची जागा मोकळी केलीत. आधी ती हात ओढायला सुरुवात झाल्यावर मारायची होती. आता पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकच्या आधी कधीही मारा. कागदावर हे सोपं वाटतं. काठावर काय झालं ते सांगतो. आता बहुतेक जण भिंत सोडल्याबरोबर किक मारून घेतात आणि मग हात ओढतात. पण हात जोरात मांड्यांपर्यंत ओढले की छाती दबते, कंबर उचलली जाते आणि पाय आपोआप मागून खाली येतात. शरीराची रचनाच तशी आहे, त्यात लबाडी नाही. किक आणि ओढ एकत्र होती तोवर ती लाट किकमध्येच मिसळून जायची. तुम्ही दोन्ही वेगळ्या केल्यात आणि ती लाट दुसऱ्या किकसारखी दिसू लागली. लबाड पोहणारा याचा फायदा घेतो: खरी दुसरी किक मारतो आणि म्हणतो, लाट होती. सरळ पोहणारा लाटेसाठी बाद होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. कॅमेरे. मोठ्या स्पर्धांत आता पाण्याखालचं चित्रण बघून निर्णय दिले जातात, आणि ते चांगलंच आहे. पण असे कॅमेरे असलेल्या स्पर्धा किती आणि नसलेल्या किती? जगात रोज जी हजारो मुलं ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत पोहतात त्यांच्या तलावाच्या तळाशी कॅमेरा नसतो, फार तर कुणाचा तरी हरवलेला गॉगल असतो. तिथे कॅमेरा म्हणजे मी. माझं वय झालंय, समोरच्या काचांतून ऊन थेट पाण्यावर पडतं, आणि माझ्याकडे रिप्ले नाही. कॅमेऱ्याच्या जिवावर लिहिलेला नियम वरच्या स्पर्धेत एक असतो आणि खालच्या स्पर्धेत दुसरा, आणि पोहणारी मुलं खालच्या स्पर्धेत शिकतात. तिथे दोन किक खपतात हे एकदा अंगवळणी पडलं की मोठ्या स्पर्धेच्या पहिल्याच हीटमध्ये तीच मुलं बाद होतात आणि रडत बाहेर येतात.

कडक निर्णयांना माझा विरोध नाही, हे इथेच सांगून टाकतो. पॅरिसमध्ये 2024 ला महिलांच्या 200 मीटर मेडलीच्या (एकाच शर्यतीत चारही स्ट्रोक) फायनलमध्ये अ‍ॅलेक्स वॉल्श तिसरी आली आणि बॅकस्ट्रोककडून ब्रेस्टस्ट्रोककडे जातानाच्या चुकीमुळे बाद झाली. ब्राँझ केली मॅककोनला गेलं. वाईट वाटलं, पण तक्रार नाही. भिंतीला हात लागेपर्यंत पाठीवर राहायचं, हा नियम मी भिंतीवर उभा राहून तपासू शकतो. खांदा उभ्या रेषेच्या पलीकडे गेला की नाही ते माझ्या पायाखाली घडत असतं.

आणि तुम्ही हे ओळखता, याचाही पुरावा आहे. 2023 मध्ये बॅकस्ट्रोकच्या शेवटाला तुम्ही शेवटच्या पाच मीटरमध्ये पूर्ण पाण्याखाली जायला परवानगी दिलीत. पूर्वी शेवटची उडी मारताना पोहणारा हातापायांसकट बुडाला का, बोटाचं टोक वर होतं का, यावरून आम्ही डोकं फोडत होतो. आता वर पताका आहेत, त्या भिंतीपासून पाच मीटरवरच असतात. डोकं त्यांच्याखालून गेलं की पुढे काय वाटेल ते करा. जुन्या लोकांनी नाकं मुरडली. मी त्या दिवशी मनातल्या मनात तुम्हाला नमस्कार केला.

मग ब्रेस्टस्ट्रोकलाच हा न्याय का नाही?

माझी मागणी अशी आहे. स्टार्टनंतर आणि टर्ननंतर हाताचा एकच पूर्ण स्ट्रोक, तो आजच्यासारखाच मांड्यांपर्यंत. त्याच्या आगेमागे डॉल्फिन किक किती, याची मोजणी बंद. त्याऐवजी डोकं पाण्याबाहेर येण्यासाठी एक खूण, आणि ती 15 मीटरची नको, 10 मीटरची असावी. आज दुसऱ्या स्ट्रोकमध्ये हात सर्वांत रुंद होऊन आत वळायच्या आधी डोकं वर यावं लागतं, तेही तसंच राहू द्या. म्हणजे आमच्याकडे बघण्यासारख्या गोष्टी उरतात: हात किती वेळा ओढले आणि डोकं कुठे आलं. दोन्ही दिसतात.

यावरचा आक्षेप मीच मांडतो, कारण तो माझ्याही पोटात दुखतो. असं केलं तर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये चोरपावलांनी बटरफ्लाय शिरेल. ज्यांचे पाय बेडकासारखे सुंदर चालतात पण डॉल्फिन किक कच्ची आहे, ते मागे पडतील. खरं आहे. मी ज्यांच्याकडे पोहायला शिकलो ते डोकं सतत पाण्यावर ठेवून ब्रेस्टस्ट्रोक मारायचे, कारण 1987 पर्यंत नियमच तसा होता. प्रत्येक स्ट्रोकला डोकं पाण्यात घालायला परवानगी मिळाली तेव्हा ते म्हणाले होते, "संपला ब्रेस्टस्ट्रोक." पुढे माइक बॅरोमनने लाटेसारखं अंग उचलत 1992 च्या बार्सिलोनात 200 मीटरचं सुवर्ण जिंकलं. तेव्हा तेच टीव्हीसमोर बसून काहीच बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पण दिसतं छान." मीही कदाचित तसाच एक म्हातारा होऊन बसलो असेन. म्हणून 10 मीटर म्हणतो; पंधरा दिलेत तर खरंच स्ट्रोक उरणार नाही. आणि 10 चं अंतर चुकीचं निघालं तर ते आठ करा. पण मोजा ते मीटरमध्ये मोजा, किकमध्ये नको.

अंतराचा विषय निघालाच आहे तर एक छोटी गोष्ट. 25 मीटरच्या तलावात 100 मीटरला एक स्टार्ट आणि तीन टर्न, म्हणजे 15 चोक 60 मीटर पाण्याखाली चालतात. अर्ध्याहून जास्त शर्यत! याला बॅकस्ट्रोक किंवा बटरफ्लाय म्हणायचं का, याचा एकदा विचार करा. मला उत्तर माहीत नाही, पण 25 आणि 50 मीटरच्या दोन्ही तलावांना एकच खूण हे गणित मला पटत नाही.

"सगळ्यांना एकच नियम" हे तुमचं आवडतं वाक्य आहे, पण ते तुम्हीही पाळत नाही, आणि त्यात वावगं काही नाही. मास्टर्स गटात बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते. म्हणजे तो स्ट्रोक जन्मला तेव्हा जसा होता तसाच मोठ्या वयाच्या लोकांनी पोहला तर तुम्हाला हरकत नाही. मग आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी काय पाप केलंय? त्यांची कंबर अजून डॉल्फिन किकला तयार नसते, पंचवीस मीटरपैकी वीस नीट जातात आणि शेवटच्या पाचात दमून पाय बेडकासारखे उघडतात. मला ते स्वच्छ दिसतं आणि मला हात वर करावाच लागतो. एवढ्याशा पोराच्या नावापुढे स्लिपवर "किक" लिहिताना मी अक्षर मुद्दाम बारीक काढतो. तुमच्या नियमाला मास्टर्सच्या गुडघ्यांची काळजी आहे, तशी मुलांची का नसावी?

मागे फिरण्यात कमीपणा नसतो हेही तुम्हीच दाखवलंय. 2009 च्या रोममध्ये त्या चकचकीत पॉलियुरेथेनच्या पोशाखांमुळे 43 विश्वविक्रम झाले आणि 1 जानेवारी 2010 पासून तुम्ही ते पोशाख बंद केलेत. खेळाडूंनी, कंपन्यांनी आरडाओरडा केला. खेळ चालू राहिला.

शेवटी एक विनंती. नियम बदलण्याआधी तो कॅमेरे नसलेल्या साध्या तलावावर, साध्या जजांकडून तपासून घ्या. एका लेनवर तीन जज उभे करा आणि तिघांनी वेगवेगळं लिहिलेलं वाचा. तिघांचं जुळलं तर नियम छापा. नाही जुळलं तर दोष तिघांच्या डोळ्यांत नसून मजकुरात आहे, असं धरून चाला. आणि प्रत्येक बदलासोबत चार ओळी द्या: हा का केला, आधी काय अडत होतं. आज आमच्या हाती फक्त नवं वाक्य पडतं; त्यामागचं कारण आम्ही एकमेकांत अंदाजाने ठरवतो. त्या अंदाजांवर काठावर जे वाद होतात ते ऐकले असते तर तुम्ही चार ओळी कधीच लिहिल्या असत्या.

2028 च्या लॉस एंजेलिसमध्ये 50 मीटर ब्रेस्टस्ट्रोक पहिल्यांदाच ऑलिंपिकला असेल. एक स्टार्ट, टर्न नाही, एकच पाण्याखालची ओढ आणि निकाल शतांशांत. तिथे कॅमेरे असतील, म्हणून मला त्या शर्यतीची चिंता नाही. चिंता आहे ती त्यानंतरच्या महिन्यात 50 मीटर ब्रेस्टस्ट्रोकला नाव देणाऱ्या शेकडो मुलांची. त्यांच्या लेनच्या टोकाला माझ्यासारखाच कुणीतरी असेल.

ती चार नंबरच्या लेनमधली मुलगी परवा पुन्हा दिसली. तिच्या कोचने सांगितलं, त्या दिवसानंतर तिने किक सोडूनच दिली. नियमाने मिळणारी एकसुद्धा मारत नाही, नको ती भानगड म्हणते. टर्नला मी होतो. तिने भिंत ढकलली, पाय काठीसारखे सरळ ठेवले, हात ओढले आणि बाकीच्यांपेक्षा हातभर आधीच वर आली, मागे पडून. पाचव्या आणि सहाव्या लेनमध्ये पाण्याखाली काय चाललं होतं ते मला फेसातून दिसलं नाही. माझी स्लिप कोरी राहिली.

आपला,
टर्नच्या टोकाला उभा असलेला एक जज